अंतर हवेतले, वेळ जमिनीवरचा

शिरूर अनंतपाळ - नांदेड आणि अमृतसर या दोन विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे १,४०० किलोमीटर आहे. ताशी सातशे किलोमीटरच्या सरासरी वेगाने हे अंतर दोन तासांत कापता येते. उड्डाण, चढाई व उतरण्याचा वेळ धरला तर अडीच तास. रेल्वेने हेच अंतर दोन हजार किलोमीटरच्या आसपास भरते आणि त्यात एक दिवस व एक रात्र सहज जाते. नकाशावरील या हिशेबात शिरूर अनंतपाळच्या प्रवाशाला मात्र स्थान नाही.

येथून नांदेड गाठण्यास सुमारे तीन तास लागतात. विमानतळावरील तपासणीसाठी दीड तास राखावा लागतो. म्हणजे अडीच तासांच्या उड्डाणासाठी सात तास खर्ची पडतात. त्या दिवशी नांदेडहून विमान नसेल तर हैदराबादचा रस्ता धरावा लागतो. मग रस्त्यात सहा, विमानतळावर दोन आणि हवेत तीन, असे अकरा तास होतात. हवेतला वेळ जेमतेम अर्ध्या तासाने वाढतो, पण प्रवास चार तासांनी लांबतो. त्यामुळे या भागासाठी विमानाच्या वेगापेक्षा जवळच्या विमानतळावरील सेवेचे सातत्य अधिक मोलाचे ठरते.

नेमके हे सातत्यच मराठवाड्याच्या वाट्याला आलेले नाही. गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त २००८ मध्ये नांदेडच्या विमानतळाचा कायापालट झाला. 'उडान' योजनेतील पहिल्या उड्डाणांमध्ये, २७ एप्रिल २०१७ रोजी, नांदेड-हैदराबाद मार्गाचा समावेश होता. त्याच वर्षाच्या अखेरीस अमृतसरसाठी थेट विमान सुरू झाले. मात्र २०२२ मध्ये हैदराबाद मार्गावरील ट्रूजेट कंपनीची उड्डाणे थांबली. अमृतसरच्या सेवेतही खंड पडला. २०२४ मध्ये स्टार एअरने नांदेडला पुन्हा बंगळूर व जालंधरजवळील आदमपूरशी जोडले. लातूरची कथा याहून निराशाजनक आहे. १९९१ मधील हा विमानतळ २००९ मध्ये ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने खासगी कंपनीकडे सोपविण्यात आला, परंतु तेथे नियमित प्रवासी सेवा टिकली नाही.

'उडान' योजनेत कंपनीला मिळणारे अर्थसाह्य तीन वर्षांपुरते असते. त्या मुदतीत प्रवाशांना सवय लागावी, ही अपेक्षा. पण आठवड्यातून मोजकेच दिवस येणाऱ्या विमानाची सवय लागणार कशी? उपचारासाठी किंवा मुलाखतीसाठी निघालेला माणूस विमानाच्या वाराची वाट पाहू शकत नाही. तो हैदराबादला जातो आणि येथील विमानाच्या जागा रिकाम्या राहतात. रिकाम्या जागांचे कारण पुढे करून सेवा बंद होते. हे दुष्टचक्र तोडायचे तर धावपट्टीची लांबी मोजून भागणार नाही. प्रवाशाच्या घराच्या उंबरठ्यापासून मुक्कामापर्यंतचे तास मोजावे लागतील.