खेळाच्या रकान्याशी भांडण

नाशकातल्या एका बालवाडीच्या पालकसभेला भाचीच्या घरच्यांच्या वतीने मी गेलो होतो. प्रगतिपत्रकात ‘खेळ-कौशल्ये’ असा एक रकाना होता आणि चार वर्षांच्या त्या मुलीपुढे शेरा होता : ‘काल्पनिक खेळ – सुधारणा आवश्यक.’ उपाय म्हणून शैक्षणिक खेळांचा एक संच सुचवण्यात आला. रंग जुळवा, आकार बसवा, फासा टाका. चौकोनी खाचेत चौकोनच बसतो. कल्पनेला यात शिरकाव कोठून?

साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रकरणात लक्ष घालण्याचे कारण व्याकरणातच आहे. भांडी बाजारातून आणलेली पितळी भातुकली मांडून मूल म्हणते, ‘मी आई असते आणि तू पाहुणी असतेस, हं!’ हे ‘असते’ म्हणजे ‘आहे’ नव्हे, आणि खोटेही नव्हे. कादंबरी ज्या करारावर उभी राहते तो करार मूल येथे पहिल्यांदा करते. ‘पाहुणी आताच जाणार नाही’ यावर वाद होतो, भांडण होते, नियम बदलतो. संचातल्या खेळाचा नियम मात्र डब्याच्या झाकणावर छापलेला असतो. काठीचा घोडा करणाऱ्या मुलाबद्दल विगॉट्स्कीने 1933 मध्ये जे मांडले, त्याचा गाभा हाच : वस्तूपासून अर्थ सुटा होतो. घोड्याच्याच आकाराचा प्लास्टिकचा तुकडा घोड्याच्या खाचेत बसवताना काय सुटे होणार?

यावर ताराबाई मोडकांचे नाव पुढे केले जाईल. माँटेसोरीची साधने त्यांनीच मराठीत रुजवली ना? होय. परंतु 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केल्यावर त्यांनी आणि अनुताई वाघांनी महागड्या साधनांची नक्कल केली नाही. बिया, शिंपले, पाने, माती, परिसरात जे सापडेल ते साधन. मुले शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. कोसबाडचा इतिहास शैक्षणिक साधनांच्या बाजूचा आहे, हे मी मान्य करतो. तो साधनांच्या दुकानाच्या बाजूचा नाही. आणि बी हे कधी तांदूळ असते, कधी पैसा, कधी डोळा. (2023 मध्ये केंद्र सरकारने काढलेल्या ‘जादुई पिटारा’त खेळण्यांसोबत बाहुल्या आणि गोष्टीही आहेत, ही त्यातली बरी गोष्ट. पिटारा कपाटात कुलूपबंद राहू नये, एवढेच.)

आणखी एक आक्षेप अधिक गंभीर आहे. सदनिकेत एकटे वाढणाऱ्या मुलाला सवंगडीच नाहीत. पाळी येईपर्यंत थांबणे तरी तो या खेळांतून शिकेल. काही मुलांना, विशेषतः स्वमग्न मुलांना, अशा बांधीव खेळाचा आधार लागतो, हेही खरे. परंतु सवंगडी नाहीत म्हणून संच द्यायचा आणि बालवाडीत वीस सवंगडी असताना तोच संच पुढे ठेवायचा, हा कोणता न्याय?

सभेत मी एवढेच विचारले : ही मुलगी घरी पायरीवर चपला ओळीने मांडते, त्यांची शाळा घेते, एका चपलेला रोज उभे करते. हे कोणत्या रकान्यात भरायचे?

बाईंनी पत्रक उलटसुलट पाहिले. म्हणाल्या, ‘त्याचे निरीक्षण झालेले नाही.’