स्वतःला एटीकेटी द्या!

‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण ज्याने कोणी तयार केली, तो नक्कीच कुठल्यातरी होस्टेलवर राहिलेला असणार! १ जानेवारीला कुठल्याही होस्टेलचा कॉरिडॉर बघा. पहाटे साडेपाचला एकाच वेळी पाच अलार्म वाजतात. टेरेसवर सूर्यनमस्कार, मेसमध्ये ‘मला भात नको’, आणि प्रत्येक टेबलासमोर स्केचपेनने रंगवलेलं टाईमटेबल. १० जानेवारीलाही अलार्म वाजतात, पण उठते ती फक्त रूममेट... तो बंद करायला!

मित्र-मैत्रिणींनो, संकल्प मोडला की आपण सगळा दोष आळसाला देतो. मला हे पटत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री जागून अख्खी फाईल लिहून काढणारी माणसं आळशी कशी असतील? माझ्या मते चूक डिझाईनमध्ये आहे. आपण आपल्या संकल्पाला टॉलरन्सच देत नाही.

ड्रॉईंगवर नुसतं ‘२५ मिमी’ लिहून भागत नाही, हे आपल्याला शिकवलेलं असतं. त्यापुढे अधिक-उणे किती, तेही लिहावं लागतं. कारण बरोब्बर २५ मिमीचा शाफ्ट पुन्हा पुन्हा काढून देणारं मशीन जगात नाही. टॉलरन्स शून्य ठेवला तर प्रत्येक जॉब स्क्रॅपमध्येच जाणार. आणि आपले संकल्प कसे असतात? ‘रोज पाचला उठणार’, ‘एकही लेक्चर बुडवणार नाही’, ‘वडापाव कायमचा बंद’. मग एका थंडीच्या सकाळी डोळा लागतो आणि आपण म्हणतो, “जाऊ दे, मोडलाच ना आता, पुढच्या वर्षी बघू.” म्हणजे एका दिवसासाठी उरलेलं अख्खं वर्ष भंगारात!

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे दर जानेवारीत मॉरल सायन्सच्या तासाला न्यू इयर रेझोल्यूशनवर दहा ओळी लिहायच्या असत. सगळ्यांची सुरुवात एकच, ‘आय विल ऑल्वेज...’. आता वाटतं, तो ‘ऑल्वेज’ हाच खरा व्हिलन आहे.

‘२१ दिवस केलं की सवय लागते’ हे आपण सगळीकडे ऐकतो. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून पसरला. पेशंटना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातलं ‘कमीत कमी’ गळून पडलं आणि २१ तेवढे उरले! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर प्रत्यक्ष अभ्यास केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एक छोटी गोष्ट निवडून ती १२ आठवडे रोज ठरलेल्या वेळी करायची होती. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं, आणि माणसामाणसातला फरक केवढा, तर १८ पासून २५४ दिवसांपर्यंत! पण मला सर्वात आवडलेला निष्कर्ष वेगळाच आहे. मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही.

पतंगवाले बेंजामिन फ्रँकलिन आपल्याला माहीत आहेत. त्यांनी तरुणपणी १३ सद्गुणांची यादी केली होती. एका आठवड्यात एका गुणाकडे खास लक्ष द्यायचं, चूक झाली की वहीत काळा ठिपका. १३ आठवड्यांची एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. पुसून पुसून त्या वहीला भोकं पडली! ‘व्यवस्थितपणा’ तर त्यांना शेवटपर्यंत जमला नाही. (होस्टेलवाल्यांना हे ऐकून बरं वाटेल.) तरीही म्हातारपणी आत्मचरित्रात ते सांगतात, की परिपूर्ण झालो नाही, पण प्रयत्न केल्यामुळे जास्त चांगला आणि जास्त सुखी झालो.

हे सगळं आत्ताच का लिहावंसं वाटलं? कारण आपल्याकडे नवीन वर्ष आणि निकाल जोडीनेच येतात. ज्याचा एखादा विषय राहतो, तो मेसमध्ये सगळ्यात शेवटी येऊन जेवतो. घरचा फोन उचलत नाही. एका पेपरात नापास झालेला मुलगा स्वतःला माणूस म्हणूनच नापास समजायला लागतो. आपल्या शेजारच्याच खोलीत हे चाललेलं असतं. अरे, जे विद्यापीठ अर्ध्या मार्कासाठी रडवतं, तेसुद्धा ‘अलाऊड टू कीप टर्म्स’ म्हणतं! विषय राहिला तरी पुढे चल, राहिलेलं नंतर भरून काढ. मग आपणच स्वतःला एटीकेटी का देऊ नये?

पण टॉलरन्स म्हणजे ढिलाई नव्हे. त्यालाही लिमिट असतं, आणि विषय लिमिटबाहेर गेले की इयर डाऊन ठरलेलं. म्हणून माझा नियम सोपा आहे. एक दिवस चुकला तर माफ, लागोपाठ दोन दिवस नाही. दुसरं म्हणजे संकल्प आपल्या हातातला हवा. ‘नऊ पॉइंटर काढणार’ यात पेपर सेट करणारे आणि तपासणारेही आले. ‘रोज जेवणानंतर दोन न्यूमेरिकल्स’ यात फक्त मी आहे. आणि तिसरं, तो आपलाच हवा. रूममेट गेटचा क्लास लावते म्हणून मीही लावणार, हा संकल्प नाही, झेरॉक्स आहे.

मी या वर्षी एकच ठरवलंय. रोज रात्री एक पान मराठी वाचायचं आणि महिन्यातून एकदा आजीला मराठीत पत्र लिहायचं. तिला ऱ्हस्व-दीर्घ तपासायला फार आवडतं!

आणि आपण तर नशीबवान. आपल्याला नवीन वर्ष दोनदा मिळतं. जानेवारीत सुरू केलेल्या कामाचे ६६ दिवस मार्चच्या पहिल्या आठवड्यात भरतात, आणि मागोमाग गुढीपाडवा येतोच. तेव्हा शांतपणे हिशोब करा, जमलं नसेल तर माप बदला आणि पुन्हा जॉब लावा.

शेजारच्या खोलीचा दरवाजा दोन दिवस बंद दिसला, तर तेवढा वाजवा मात्र. नवीन वर्षाच्या सर्वांना मनापासून शुभेच्छा!