‘रीड-ओन्ली’ म्हणजे हात न लावणं नव्हे!

लाइन गेली, यूपीएसनेही मान टाकली, आणि परत बूट केलं तर पार्टिशन माउंटच होईना. मग होस्टेलवरचा एखादा एक्स्पर्ट धावत येतो, एफएससीके चालवतो आणि प्रत्येक प्रश्नाला ‘वाय’ दाबत सुटतो. माझा विरोध या घाईला आहे.

मित्रांनो, जर्नल म्हणजे खामगावच्या अडत्याचा रोजमेळ समजा. व्यवहार आधी रोजमेळात, नंतर खतावणीत. काम अर्धवट राहिलं तर रोजमेळ पाहून खतावणी पुरी करायची. ईएक्सटी३ मुख्य कर्नलमध्ये आली २००१ साली, ईएक्सटी४ पक्की झाली २००८ साली. पण दोघींच्या नेहमीच्या ‘ऑर्डर्ड’ पद्धतीत जर्नलमध्ये नोंद असते ती मेटाडेटाची. म्हणजे खतावणी जुळेल, गोदामातल्या गाठींची हमी नाही! अर्धा लिहिला गेलेला प्रोजेक्ट रिपोर्ट अर्धाच राहणार.

खरी गोम पुढे आहे. ‘आरओ’ देऊन माउंट केलं की डिस्कवर काही लिहिलं जात नाही, असं भलेभले समजतात. चूक! जर्नल अर्धवट असेल तर ईएक्सटी४ ‘आरओ’मध्येही ते पुरं करते, म्हणजे डिस्कवर लिहिते. कर्नल तसा मेसेजही देतो, पण वाचतो कोण? ते टाळायचं तर ‘आरओ’सोबत ‘नोलोड’ द्यावं लागतं; एक्सएफएसला ‘नोरिकव्हरी’. अर्थात तेव्हा दिसणाऱ्या फायली थोड्या विस्कटलेल्या असू शकतात.

धडधाकट डिस्कवर नुसती लाइन गेली असेल तर जर्नलला त्याचं काम करू द्या, त्यासाठीच ते आहे. पण डिस्क खडखडत असेल, किंवा आतला डेटा दुसरीकडे कुठेच नसेल, तर आधी डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर पूर्ण इमेज घ्या. सगळे प्रयोग त्या इमेजच्या कॉपीवर. एफएससीकेसुद्धा आधी ‘एन’ ऑप्शनने, म्हणजे ते फक्त सांगेल, बदलणार नाही. एक्सएफएसवाल्यांनी तर रिपेअरचा ‘एल’ ऑप्शन अगदी शेवटी वापरावा. तो रोजमेळच पुसून टाकतो.

आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला शेड्युलिंगचे तक्ते वर्षानुवर्षं चालतात. सरांना विनंती, त्यातलं एक कमी करा. व्हर्च्युअल मशीनमध्ये फाइल कॉपी चालू असताना ते मशीन धाडकन बंद करायचं, इमेजच्या दोन कॉप्या करायच्या, एक ‘आरओ’ने आणि दुसरी ‘आरओ, नोलोड’ने माउंट करायची, आणि दोन्हींचे चेकसम आधीच्याशी ताडून जर्नल बुकात लिहायचे.