डुलकीची किंमत

पुण्यातील एका कारखान्यात 26 ऑगस्ट 1983 रोजी एक कामगार पाळी चालू असताना गाढ झोपलेला आढळला. त्याला बडतर्फ करण्यात आले. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2005 साली बडतर्फी योग्य ठरली. एका डुलकीने नोकरी गेली असे वरवर वाटेल. परंतु न्यायालयाने पूर्वीच्या तीन गैरवर्तनांच्या नोंदीही हिशेबात धरल्या होत्या.

1946 च्या कायद्यान्वये ठरलेल्या स्थायी आदेशांत गैरवर्तनाची यादी लेखी असे: हेतुपुरस्सर आज्ञाभंग, चोरी, रजेविना 10 दिवसांहून अधिक गैरहजेरी, नेहमीची हयगय. ती कामगारांच्या भाषेत प्रवेशद्वाराजवळ लावणे मालकावर बंधनकारक होते. ती वाचणारा कामगार मला क्वचितच भेटला; ‘मेमो’वर निमूट सही करून तो विसरून जाणारे मात्र पुष्कळ भेटले. (त्याला चार ओळींचे लेखी उत्तर द्यायला कितीसा वेळ लागतो?) पुढे हेच कागद एकत्र बांधले जातात.

ही यादी म्हणजे मालकाच्या हातातील शस्त्र, असे आपले काही मित्र म्हणत. मला ते अर्धेच पटते. यादीत नाही ते गैरवर्तन नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 च्या दशकात स्पष्ट केले. तेव्हा ती कामगाराची ढालही होती. नोव्हेंबर 2025 मध्ये अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने स्थायी आदेशांची मर्यादा मूळ कायद्यातील 100 कामगारांवरून 300 वर नेली आहे. 299 कामगारांच्या कारखान्यात कोणत्या चुकीने नोकरी जाईल, हे आता कोणत्या फलकावर वाचायचे?