दादाच्या गाडीचं इंजिन आणि तुम्हा सगळ्यांचे फोन



गेल्या पंधरा दिवसांत मला नऊ फोन आले. त्यातले दोन रात्री साडेदहानंतर. विषय एकच, भाच्यानं दादाच्या गाडीचं इंजिन काढलं.

झालं असं, की बर्मिंगहॅमला माझा भाचा दादाची जुनी एमजी दुरुस्त करतोय. त्यानं मागच्या महिन्यात घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. बॉनेट उघडं, आत नुसती पोकळी, आणि बाजूला साखळीला लटकलेलं काळंकुट्ट इंजिन. खाली लिहिलं होतं, 'आता इथे माझदाचं बसणार.' झालं! इंदूरच्या चुलतभावानं लिहिलं, 'दादाचं काळीज काढून टाकलंस.' ठाण्याच्या मामेबहिणीनं रडणारे चार चेहरे टाकले. पुण्याच्या मेहुण्यांनी थेट कायदाच काढला. आणि शेवटी सगळ्यांचं एकच, 'तू आत्या आहेस, तूच त्याला समजाव.'

मी समजावणार नाही. का नाही ते एकदाच इथे लिहिते, म्हणजे नऊ जणांना वेगवेगळं सांगायला नको. मी जन्मभर इतिहास आणि मराठी शिकवलं. यंत्राशी माझा संबंध शिलाई मशीनपुरता. पण भाच्याला प्रश्न विचारून विचारून आणि मिळेल ते वाचून जे कळलं त्यावरून सांगते, तुमची ही हरकत शाळेतल्या इतिहासाच्या पेपरात आली असती तर मी पस्तीस मार्कसुद्धा दिले नसते.

ब्लॉगवरच्या मित्रमंडळींना आमच्या घरच्या गोष्टी ठाऊक नाहीत, म्हणून थोडी ओळख. माझा दादा १९६८ साली बर्मिंगहॅमला गेला, कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. १९७६ मध्ये त्यानं एक जुनी एमजीबी घेतली. १९७२ चं मॉडेल, गडद हिरवी, दोन माणसांची, कापडी छपराची. त्यानं आईला पत्रातून कळवलं, तर आईचा उलट टपाली प्रश्न, 'मग पोरं कुठं बसणार?' १९९४ ला मी तिकडे गेले तेव्हा त्या गाडीत बसले होते. पदर सांभाळू की चष्मा सांभाळू असं झालं होतं. दादा २०१९ मध्ये गेला. गाडी गॅरेजमध्ये राहिली.

२०२३ मध्ये भाच्यानं ती जुन्या इंजिनासकट चालू केली आणि वहिनींना घेऊन वेस्टनच्या समुद्रावर निघाला. दादा दर उन्हाळ्यात त्यांना तिथे न्यायचा. वाटेत एम-५ वर इंजिन तापलं, वाफा निघाल्या, गाडी बंद. तिकडच्या मोटरवेवर गाडी बंद पडली की आत बसून राहत नाहीत, कठड्यापलीकडे जाऊन उभं राहावं लागतं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या वहिनी दोन तास पावसात, शेजारून ट्रक जाताहेत. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, 'ह्यांची गाडी आहे, मोडीत काढू नकोस. पण मी पुन्हा बसणार नाही.' इंजिन उघडलं तर ब्लॉकलाच तडा. तुमच्यापैकी कितीजणांना हे माहीत होतं? ग्रुपवर त्या दिवशी 'काळजी घ्या' एवढंच आलं होतं.

आता चुलतभाऊ म्हणतो, तसलंच दुसरं जुनं इंजिन मिळतं की. मिळतं. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली, पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. इंजिनं भरपूर आहेत, फार महागही नाहीत. पण मग मला सांग बाबा, दुसऱ्या कुणाच्या मोडीत गेलेल्या गाडीचं इंजिन आणून बसवलं तर ते 'दादाचं काळीज' कसं? काळीज गेलंच ना? मग उरतं काय, तर फक्त त्याच्यावरचं कंपनीचं नाव. ते जपायचं असेल तर तसं सांगा, दादाला मधे आणू नका.

आणि आता मुख्य गोष्ट. भाच्यानं ते इंजिन घासायला घेतलं तेव्हा तेलाच्या थराखाली सोनेरी रंग निघाला. ब्रिटिश मोटार कंपनीची 'गोल्ड सील' नावाची सोय होती. झिजलेलं इंजिन द्यायचं आणि कारखान्यातून नव्यानं बांधलेलं बदली इंजिन घ्यायचं. ती इंजिनं सोनेरी रंगवलेली असत. नोंदणीच्या कागदावरचा नंबर आणि इंजिनावरचा नंबर जुळेना. मी माझी पत्रांची पेटी काढली. १९८१ च्या दिवाळीतलं दादाचं पत्र सापडलं. त्यात आईची तब्येत, इकडच्या फराळाची आठवण, आणि मधेच एक ओळ, की गाडीचं इंजिन बदलून घेतलं, आता चढावर दम लागत नाही. एक ओळ! पुढे लगेच हवापाणी. म्हणजे ज्या इंजिनासाठी तुम्ही पंधरा दिवस सुतक पाळताय ते मूळचं नव्हतंच. मूळ काळीज दादानं स्वतःच पंचेचाळीस वर्षांपूर्वी बदली देऊन टाकलं होतं आणि त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं.

आता 'एमजीत एमजीचंच हवं' या बोलण्याकडे येते. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डला सेसिल किंबर नावाच्या माणसानं १९२० च्या दशकात साध्या मॉरिस मोटारींवर देखण्या बॉड्या चढवून विकायला सुरुवात केली, तिथून हे नाव आलं. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन तरी कुठलं खास? बी-सीरिज म्हणून ओळखलं जाणारं ते घराणं १९४७ च्या ऑस्टिन ए-४० पर्यंत मागे जातं. घरगुती मोटारींचं इंजिन, तेच थोडं मोठं करून, दोन कार्बोरेटर लावून यात बसवलं. याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन एमजीबीच्या आधीच्या एमजीए या स्पोर्ट्स गाडीत होतं, आणि तेच आपल्या ॲम्बॅसडरमध्ये! होय, कलेक्टरसाहेबांच्या पांढऱ्या ॲम्बॅसडरमध्ये. आणि त्या ॲम्बॅसडरचं पुढे काय झालं? नव्वदीच्या दशकात कंपनीनंच त्यात जपानी इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन घातलं. लोक म्हणाले, आता पळते बरं का. कुणीही काळीज वगैरे म्हणालं नाही. आपल्याकडे विलीजच्या पेट्रोल जीप काढून काढून डिझेल केल्या, मोठमोठ्या अमेरिकन गाड्यांत मॅटाडोरची इंजिनं बसवली, तरी जीपला जीप आणि इम्पालाला इम्पालाच म्हणत राहिलो. आपल्याकडे चालतं ते बर्मिंगहॅमला गेलं की पाप कसं होतं, ते मेहुण्यांनी सांगावं.

तिकडेही हे काही नवं नाही. एसी नावाची एक लहान इंग्रज कंपनी होती. तिची 'एस' ही स्पोर्ट्स गाडी १९५३ साली आली, तेव्हा तिच्यात कंपनीचं स्वतःचं इंजिन होतं, आराखडा १९१९ चा! ते कमी पडायला लागलं म्हणून १९५६ मध्ये ब्रिस्टलचं घातलं. ते ब्रिस्टलही मुळात जर्मन बीएमडब्ल्यू ३२८ वरून घेतलेलं. १९६१ मध्ये ब्रिस्टलनं इंजिन बनवणं थांबवलं, मग फोर्ड झेफिरचं. आणि १९६२ मध्ये कॅरोल शेल्बी या अमेरिकन माणसानं त्यात फोर्डचं व्ही-८ घातलं, ती झाली कोब्रा. आज अस्सल कोब्राची किंमत कोटींत आहे आणि तिच्या बॉनेटला हात लावायलाही लोक घाबरतात. म्हणजे बघा, तिसऱ्यांदा इंजिन बदललेली गाडी आज 'मूळ' म्हणून पुजली जाते. आपण पूजतो ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी धाडसाला साठ वर्षं झाल्यावर.

एमजीबीच्या बाबतीतही तेच. १९७० च्या सुमाराला केन कॉस्टेलो नावाचा मनुष्य स्वतःच्या वर्कशॉपात एमजीबीत रोव्हरचं व्ही-८ इंजिन बसवून विकत होता. कंपनीनं ते पाहिलं आणि १९७३ ते १९७६ स्वतःच तसली एमजीबी जीटी व्ही-८ काढली. २५९१ गाड्या झाल्या, आता त्या दुर्मिळ म्हणून मिरवतात. ते रोव्हरचं इंजिनही रोव्हरचं नव्हे. अमेरिकन ब्यूकचं, १९६५ मध्ये हक्क विकत घेतलेलं. कुठवर शुद्ध रक्त शोधणार?

सगळ्यात मला हसू आलं ते पुढच्या गोष्टीचं. या गाड्यांचा खरा शत्रू गंज. सांगाडा वेगळा नसतो, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा, तो कुजला की गाडी संपली. म्हणून १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था जुन्या साच्यांवर एमजीबीची अख्खी नवी बॉडी बनवून विकते. लोक जुन्या गाडीचं सामान काढून नव्या बॉडीत घालतात, आणि ती गाडी 'अस्सल' म्हणून मिरवणुकीत जाते, कुणी हूं की चूं करत नाही. अख्खं शरीर बदललं तर चालतं आणि इंजिन बदललं तर वडिलांचा अपमान?

मेहुण्यांचा कायदा. भारतात २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आले, त्यात गाडी मूळ स्वरूपात असावी अशी अट आहे, हे खरं. पण मेहुणे, गाडी बर्मिंगहॅमला आहे हो. तिथे इंजिन बदललं की नोंदणीच्या कागदावर कळवायचं असतं, ते भाचा कळवणार आहे. वार्षिक तपासणी चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना बऱ्याचदा माफ असते. माफी असो नसो, तो दरवर्षी करून घेणार आहे.

आता तुमच्या बाजूनंही दोन शब्द, नाहीतर म्हणाल मास्तरीणबाई एकतर्फी बोलतात. प्रत्येक गाडीला हे लागू नाही. जिच्या चारदोनच प्रती उरल्या किंवा जी नामांकित शर्यतीत पळाली, ती गाडी म्हणजे दस्तऐवज, तिथे खाडाखोड करू नये. जगातल्या जुन्या मोटारींच्या संघटनांचा महासंघ, फिवा, यानंही २०१९ मध्ये विजेची मोटर बसवणाऱ्यांना सांगितलं, की तशी गाडी ऐतिहासिक राहत नाही, आणि करायचंच तर पूर्ववत करता येईल असं करा, जुने भाग जपून ठेवा. मला हे पटतं. आणि कुठलंही इंजिन कुठेही कोंबावं असंही नाही. एमजी कंपनीनंच १९६७ मध्ये एमजीबीत जड सहा सिलिंडरचं इंजिन घालून एमजीसी काढली. नाकाकडे वजन एवढं झालं, की वळणावर गाडी वळायला कुरकुर करते अशी टीका झाली आणि १९६९ मध्ये ती बंद झाली. तेव्हा चूक करायची तर कारखानेवालेही करतात.

भाच्यानं हे पाहूनच इंजिन निवडलंय. माझदा एमएक्स-५ चं, १८३९ सीसी. जुन्यापेक्षा एक्केचाळीस सीसी जास्त, बस्स. ताकद मात्र पंच्याण्णव अश्वशक्तीच्या जागी एकशेतीसच्या आसपास, वजन जास्त नाही, कार्बोरेटर नाही, पाच गिअर. म्हणून पुढचे ब्रेकही तो मोठे घालतोय. ज्या माझदातून ते काढलं तिचा पत्रा खालून कुजला होता, इंजिन ठणठणीत. आणि ही माझदा कोण? इंग्रजांच्या या छोट्या उघड्या गाड्या बंद पडल्या, तेव्हा जपान्यांनी त्यांच्याच प्रेमापोटी १९८९ मध्ये ती काढली. म्हणजे नातवाचं इंजिन आजोबाला. गंमत म्हणजे माझदाच्या त्या इंजिन घराण्याचं नावही 'बी'च.

एका बाबतीत मी त्याला टोकलं. माझदाचा गिअरबॉक्स बसायला मधल्या बोगद्याच्या पत्र्यावर थोडं काम करावं लागतं. मी म्हटलं, कापशील तर कापलेला तुकडा ठेव, मापं लिहून ठेव, आधीचे फोटो काढ. उद्या तुझ्या मुलीला जुनं इंजिन परत घालावंसं वाटलं तर? तो आधी जरा चिडला, मग 'बरं आत्या' म्हणाला. फोटो आलेत, मी बघितलेत.

जुनं इंजिन भंगारात गेलेलं नाही. लाकडी घोडीवर गॅरेजच्या कोपऱ्यात आहे, वर दादाचं कांबळं. तडा सांधता येतो का ते एकजण बघून जाणार आहे.

वहिनींना मी परवा विचारलं, बसणार का. म्हणाल्या, 'बसेन. पण थर्मास आणि दोन छत्र्या बरोबर घेणार, त्याला म्हणावं रागवायचं नाही.' जूनमध्ये वेस्टनला जायचं ठरतंय. ज्याला अजून हरकत आहे त्यानं फोन मला करावा, भाच्याला नको. आणि रात्री नऊच्या आत.