काड्यापेटीतले पाखरू

गेल्या आषाढातील एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही मंदिराच्या पायऱ्या उतरत होतो, तोच आमचे एक जुने वाचक वाट अडवून उभे राहिले. बेळगावजवळील एका खेड्यात त्यांची थोडी जमीन आहे व त्यातील दोन एकरांत त्यांनी मका पेरला होता. खिशातून एक काड्यापेटी काढून त्यांनी ती आमच्या हातावर ठेवली.

“रात्री जपमाळ चालली असता हे दिव्यावर येऊन आपटले,” ते म्हणाले. “नातू म्हणतो, हे फुलपाखरू. सूनबाई म्हणतात, पतंग. शाळेत शिकवतात की दिवसा उडते ते फुलपाखरू आणि रात्री उडतो तो पतंग. पण दिवसा उडणारे पतंगही मी पाहिले आहेत. हे कुठल्या जातीचे, तेवढे सांगा.”

पेटी उघडून पाहिली. आत बोटाच्या पेराएवढे, मातकट रंगाचे पाखरू मरून पडले होते. पुढच्या पंखाच्या टोकाशी एक पांढुरका डाग होता. तो पाहून आम्ही विचारले, “मामा, मक्यात कामगंध सापळे लावले आहेत ना?”

“लावले आहेत तर! दहा दिवस झाले, एकही पाखरू अडकले नाही. यंदा पीक निर्मळ आहे.”

या उत्तराने आमच्या मनात एक शंका उभी राहिली. तिच्याकडे आपण पुढे वळू. आधी नातवाचा व सूनबाईंचा वाद मिटविला पाहिजे, कारण तो दिसतो तितका पोरकट नाही. मोठमोठ्या पंडितांना त्याने दोन-अडीचशे वर्षे गुंतवून ठेवले आहे.

फुलपाखरू बोटांत धरले की बोटांना रंगीत पूड लागते, हे प्रत्येक मुलास ठाऊक आहे. ती पूड नसून खवले असतात. कौलारू छपरावर कौले बसवावीत तसे ते पंखांवर ओळीने बसविलेले असतात. फुलपाखरे व पतंग या दोघांनाही हे खवले असतात, म्हणून स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांनी दोघांस एकाच गणात घालून त्या गणास ‘खवलेपंखी’ अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. १७५८ साली त्यांनी या गणाचे तीन भाग पाडले. एकात दिवसाची फुलपाखरे, दुसऱ्यात संध्याकाळी फिरणारे जाड अंगाचे पतंग आणि तिसऱ्यात राहिलेले सगळे. हा ‘राहिलेले सगळे’ गट आपण ध्यानात ठेवू. पुढील सारा घोटाळा त्यातूनच निघाला आहे.

आपली शाळेतील लक्षणे त्याच विभागणीची नातवंडे होत. फुलपाखराच्या शृंगिका, म्हणजे ज्यांना आपण मिशा म्हणतो त्या, टोकाशी गाठीसारख्या फुगीर असतात. पतंगाच्या शृंगिका दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. फुलपाखरू बसताना बहुधा पंख पाठीवर मिटून घेते, तर पतंग ते पसरून किंवा छपरासारखे उतरते ठेवतो. बहुतेक पतंगांच्या मागच्या पंखास एक राठ केस असतो. तो पुढच्या पंखाखाली अडकतो व दोन्ही पंख एकत्र हलतात. फुलपाखरास हा आकडा नसतो.

लक्षणे चांगली आहेत, पण सृष्टी त्यांना बांधलेली नाही. बागेत भर दुपारी फुलासमोर अधांतरी राहून, गुणगुणत, लांब सोंडेने मध पिणारे जाडसर पाखरू आमच्या वाचकांनी पाहिले असेल. कित्येकांस तो लहानसा पक्षीच वाटतो, पण तो पतंग आहे. उलट भाताच्या शेताजवळ तिन्हीसांजेस उडणारे व कधी कधी दिव्यावर येणारे वाळक्या पानाच्या रंगाचे एक पाखरू आहे. ते खरोखरीचे फुलपाखरू आहे व त्याची अळी भाताची पाने खाते. ऑस्ट्रेलियात तर एका फुलपाखराच्या नरास पतंगासारखा पंखांचा आकडाही आहे. तेव्हा मामांचा अनुभव खरा व शाळेतील नियम अर्धा.

मग या दोहोंचे खरे नाते काय? आम्ही मामांस एक दाखला दिला, तोच येथे देतो. समजा, एका गावात एक मोठे घराणे आहे. पिढ्यानपिढ्या त्याच्या अनेक शाखा झाल्या. त्यांपैकी एक शाखा शहरात गेली, तिने पेहराव बदलला व लोक तिला ‘शहरवाले’ म्हणू लागले. मागे राहिलेल्या सर्वांना ‘गाववाले’ हे नाव पडले. आता शहरवाल्यांचा सख्खा चुलता गावातच आहे आणि त्याच गावात त्याचे दहाव्या पिढीतील दूरचे भाऊबंदही आहेत. नावाने चुलता व ते भाऊबंद एक, पण रक्ताने चुलता शहरवाल्यांना अधिक जवळचा.

फुलपाखरे ही ती शहरातील शाखा होय. खवलेपंखी गणात आजवर दीड लाखाहून अधिक जातींना नावे मिळाली आहेत. त्यांत फुलपाखरे सुमारे अठरा-एकोणीस हजार, बाकीचे सगळे पतंग. फुलपाखरांचा पूर्वज एकच, म्हणून ते एक खरे कुटुंब ठरते. ‘पतंग’ हे मात्र कुटुंबाचे नाव नाही, ते मागे राहिलेल्यांचे नाव आहे. वंशवृक्षाच्या दृष्टीने पाहता फुलपाखरू म्हणजे दिवसा उडू लागलेला पतंगच. सूनबाई व नातू दोघेही एका परीने बरोबर ठरतात. घरात असा निवाडा क्वचितच होतो.

या वृक्षाच्या मुळाशी काय आहे, ते अधिक मनोरंजक आहे. खवलेपंखी कीटकांचे सर्वांत जवळचे आप्त म्हणजे कॅडिस माश्या. सह्याद्रीतील ओढ्यांत दगड उलटून पाहिल्यास वाळूचे कण किंवा काड्यांचे तुकडे चिकटवून केलेली बोटभर लांबीची नळी कधी कधी आढळते. आत या माशीची अळी राहते व ती नळी ती आपल्या तोंडातील रेशमाने विणते. रेशीम काढण्याची ही विद्या दोन्ही घराण्यांत पूर्वजांकडून आली आहे. कॅडिस माशीच्या पंखांवर केस असतात आणि पतंगाचा खवला हा मुळात चपटा झालेला केसच होय. अगदी प्राचीन वळणाचे काही इवलेसे पतंग आजही जिवंत आहेत. त्यांना सोंड नाही, चावण्याचे जबडे आहेत व ते परागकण चावून खातात. सोंडेने मध पिणे ही पुढच्या पिढ्यांची रीत.

ती रीत केव्हा पडली? पतंगाचे शरीर नाजूक असल्याने ते दगडात क्वचितच टिकते. परंतु उत्तर जर्मनीत जमिनीत खोल छिद्र घेऊन काढलेल्या खडकाच्या कांबीत संशोधकांना सुमारे सत्तर सुटे खवले मिळाले. ते परागकण शोधीत होते, हाती लागले खवले! एवढी सूक्ष्म वस्तू उचलावी कशी? सुईच्या टोकास माणसाच्या नाकातील एक केस चिकटवून त्यांनी ते एक एक करून उचलले. (विज्ञानास कोणत्या वस्तूचा उपयोग होईल, ते सांगता येत नाही.) हे संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झाले. खवले सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीचे ठरले आणि त्यांपैकी काही आतून पोकळ निघाले. असे पोकळ खवले सोंडवाल्या पतंगांच्याच घराण्यात असतात. म्हणजे सोंड तेव्हा होती. आणि पृथ्वीवर फुले कोठे होती? आपण ज्यांना फुले म्हणतो त्यांचे निश्चित अवशेष त्यानंतर कोट्यवधी वर्षांनी मिळतात. मग ही सोंड कशासाठी? देवदाराच्या जातीची जी शंकुधारी झाडे तेव्हा होती, त्यांच्या बीजाशी साखरपाण्याचा एक थेंब येतो. तो पिण्यासाठी ती असावी, असा संशोधकांचा तर्क आहे. फुलाआधी सोंड, ही गोष्ट आम्ही प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

फुलपाखरे मात्र फार पुढे आली. २०२३ साली जगभरच्या दोन हजारांहून अधिक जातींची आनुवंशिक द्रव्ये ताडून पाहण्यात आली. त्यावरून फुलपाखरांचा आरंभ सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी अमेरिका खंडात झाला व त्यांच्या पहिल्या अळ्या शेंगावर्गी झाडांवर जगत, असा निष्कर्ष निघाला. रात्र सोडून ती दिवसात का आली? पूर्वी सांगत की वटवाघळांच्या भयाने. पण वटवाघळे फार नंतरची आहेत, तेव्हा तो आरोप त्यांच्यावरून काढून घ्यावा लागतो. मधमाश्यांबरोबर दिवसा उमलणारी मधाळ फुले वाढली व पतंगांची एक शाखा त्या पंक्तीला येऊन बसली, असे आता मानतात.

आणि त्या पंक्तीतूनही एक भाऊ उठून पुन्हा अंधारात गेला. दक्षिण व मध्य अमेरिकेत तीन डझनांच्या आसपास जातींचे एक लहान कूळ आहे. ही पाखरे फिक्या रंगाची, बारीक शृंगिकांची व बहुतेक रात्री उडणारी आहेत. त्यांच्या पंखांत कानही असतात. कोणीही त्यांना पतंगच म्हणेल, व ग्रंथांतही ती वर्षानुवर्षे एका पतंगकुळात घातलेली होती. १९८६ साली लंडनच्या संग्रहालयातील माल्कम स्कोबल यांनी त्यांची बारीक तपासणी करून ती फुलपाखरांची आप्त असल्याचे दाखविले. त्यांचा कोश फुलपाखराच्या कित्येक कोशांप्रमाणे कमरेस रेशमी धागा बांधून टांगलेला असतो. पेहराव परका, पण बालपणीची खूण घरची! पुढे आनुवंशिक द्रव्यांनीही हीच साक्ष दिली.

येथे कोणी वाचक विचारील की कोट्यवधी वर्षांच्या या कथा श्रद्धावंताने मानाव्यात काय? १९५० साली पोप पायस बारावे यांनी ‘हुमानी जेनेरिस’ या परिपत्रकात, आत्मा परमेश्वर स्वतः निर्माण करतो ही श्रद्धा राखून, मानवी देहाच्या उगमाविषयीही अशा संशोधनास मज्जाव केला नाही. १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांतिवाद हा आता केवळ तर्क राहिलेला नाही असे सांगितले. पतंगाच्या वंशावळीने कोणाची झोप उडू नये.

आता आमची शंका. काड्यापेटीतील तो पांढुरका डाग आम्हाला ओळखीचा वाटला होता. त्याच दुपारी आम्ही मामांबरोबर शेतावर गेलो. सापळा खरोखरच रिकामा होता. पण मक्याचा पोंगा उघडताच आत लाकडाच्या भुशासारखी ओली विष्ठा व तिच्याखाली एक जाड अळी निघाली. तिच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षराची फिकी खूण आणि शेपटीकडे चौकोनात बसविलेले चार काळे ठिपके होते. ही अमेरिकन लष्करी अळी. मूळची अमेरिकेची, २०१६ साली आफ्रिकेत आढळली आणि २०१८ साली कर्नाटकातील शिवमोग्गा भागात मक्यावर दिसून भारतात तिची प्रथम नोंद झाली.

मग सापळा रिकामा का? मामांनी घरातून गोळीचे पाकीट आणले. त्यावर हरभऱ्यावरील घाटेअळीचे नाव होते. त्यांनी दुकानात ‘अळीच्या पतंगाची गोळी’ मागितली होती व दुकानदाराने हाताला लागली ती दिली होती. सापळ्यातील गोळीस पतंगाच्या मादीचा गंध असतो व त्या गंधावर नर येतात. पण प्रत्येक जातीच्या मादीचा गंध निराळा. घाटेअळी व लष्करी अळी या दोघींचे पतंग एकाच कुळातले, दोन्ही मातकट, दोन्ही रात्रीचे. तरीही एकीच्या गंधाला दुसरीचा नर ढुंकूनही पाहत नाही. आपण त्यांना एका नावाने हाक मारली, ते दोघे मात्र एकमेकांस चुकून कधी ओळखत नाहीत.

मामा बांधावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “दहा दिवस मी रिकामा सापळा बघून देवाचे आभार मानत होतो.”

त्या संध्याकाळी घरातील सगळी माणसे, नातवासह, पानांखालची केसाळ लव पांघरलेली अंडीपुंजके चिरडीत ओळीओळीने फिरली. दुसऱ्या दिवशी योग्य गोळ्या आल्या व पहिल्याच रात्री सापळ्यात नर अडकले. कृषी केंद्राच्या सल्ल्याने पुढील उपायही झाले. तरी एका एकराचे पीक निम्म्यावर आले. दुसरा एकर वाचला.

अंगणातील लिंबाच्या झाडावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी काही अळी आहे, ती मारावी काय, असे सूनबाईंनी आम्हास निघताना विचारले. ती काळ्या-पिवळ्या ठिपक्यांच्या लिंबाळी फुलपाखराची, असे आम्ही सांगितले. झाड मोठे असेल तर चार-दोन पानांनी त्याचे काही बिघडत नाही. नातवाने त्यांपैकी एक बाटलीत ठेवली आहे. घाटेअळीच्या दोन न उघडलेल्या गोळ्या मामांनी फेकल्या नाहीत. कार्तिकात हरभरा पेरावयाचा आहे, तोवर त्या काड्यापेटीशेजारी फळीवर आहेत, आणि पाकिटावर नातवाने मोठ्या अक्षरांत पतंगाचे नाव लिहून ठेवले आहे.