सातबारा सोडा, मग पगार घ्या

कन्नडच्या तहसील कचेरीत कागदांच्या पिशव्या सांभाळत बसलेल्या वृद्धांच्या तोंडी ‘अर्थसाहाय्य’ हा शब्द येत नाही. निराधार योजनेच्या पैशाला मराठवाड्यात पगार म्हणतात. जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर किंवा स्वतःच्या दोन एकरांत राबलेल्या माणसाने उतारवयात मिळणाऱ्या पैशाला पगार म्हणावे, यात भाबडेपणा काही नाही. काम केले, त्याचे राहिलेले वेतन आता मिळते आहे, असा तो सरळ हिशेब आहे. शासनाचा हिशेब निराळा आहे. शासन दया करते, आणि दयेला पात्र ठरण्यासाठी आधी निराधार व्हावे लागते. निदान कागदावर तरी.

हे कागदावर निराधार होणे कसे घडते, ते कार्यकर्त्यांनी नीट पाहिले पाहिजे. घाटाखालच्या नागदचा किंवा इकडच्या पिशोर-चिकलठाणचा पासष्टी उलटलेला शेतकरी श्रावणबाळ योजनेचा अर्ज करावयास निघतो. उत्पन्नाच्या दाखल्यापाशी त्याची गाडी अडते, कारण सातबाऱ्यावर त्याचे नाव असते. मग कोणी दलाल, कोणी गावपुढारी, आणि खेदाने म्हणावे लागते, क्वचित आपलाच एखादा कार्यकर्ता त्याला सुचवितो : जमीन पोराच्या नावे करून टाका, शिधापत्रिका वेगळी काढा, म्हणजे उत्पन्न बसते. पोराच्या नावे करणे सोपेही आहे. शेतजमीन किंवा राहते घर मुलांना बक्षीस देण्यासाठी २०१५ पासून राज्यात अवघे २०० रुपये मुद्रांक शुल्क लागते. दस्त होतो, फेरफार मंजूर होतो, आणि ज्या माणसाने ती जमीन राखली त्याचे नाव तिच्यावरून पुसले जाते. मोबदल्यात त्याला पगार सुरू होतो. तोही तालुका समितीने मंजूर केला तर. त्या समितीवर कोणाची माणसे बसतात, हे तालुक्यात कोणाला सांगावयास नको.

ज्या मर्यादेसाठी हा खटाटोप चालतो ती तरी किती? २०२४ साली श्रावणबाळ योजनेची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० रुपये होती, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. त्याच वर्षी रोजगार हमीचा राज्यातील दर दिवसाला २९७ रुपये होता. कुटुंबातील एकाने सरकारच्याच कामावर ७१ दिवस खडी फोडली, तर सरकारच्याच हिशेबाने घरातला म्हातारा साहाय्याला अपात्र ठरत होता. त्याच वर्षी लाडकी बहीण योजना आली. २१ ते ६५ वयाच्या स्त्रीला महिन्याला १,५०० रुपये, आणि उत्पन्नमर्यादा अडीच लाख. ही मर्यादा उदार आहे, याबद्दल तक्रार नाही. पण तीच स्त्री पासष्टी ओलांडताच त्या योजनेतून बाहेर पडते व श्रावणबाळच्या दाराशी येते. तेथेही रक्कम १,५०० रुपयेच. मर्यादा मात्र अडीच लाखांवरून एकदम २१ हजारांवर. हात थकल्यावर गरज घटते असे मानणारे हे कोणते अर्थशास्त्र? केंद्राविषयी न बोललेलेच बरे. साठ ते एकोणऐंशी वयाच्या दारिद्र्यरेषेखालील वृद्धामागे केंद्र सरकार महिन्याला २०० रुपये देते, आणि हा आकडा दीड दशकाहून अधिक काळ जागचा हललेला नाही.

जमीन देऊन टाकल्यावर मुलाने पाठ फिरविली तर काय? २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह कायद्यात त्यासाठी कलम २३ आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकते. उपविभागीय अधिकाऱ्यापुढे हे न्यायाधिकरण चालते, म्हणजे कन्नडच्या माणसाला त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागत नाही. परंतु सारे अवलंबून आहे ते ‘अटीवर’ या शब्दावर. अशी अट होती हे दिसले पाहिजे, नुसता सांभाळ झाला नाही एवढे पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये ऊर्मिला दीक्षित प्रकरणात त्याच न्यायालयाने कायद्याचा उदार अर्थ लावून मध्य प्रदेशातील एका आईला तिची मालमत्ता परत मिळवून दिली. तेथे मुलाचे वेगळे वचनपत्र होते, हे विसरता कामा नये. आपल्याकडच्या बक्षीसपत्रांत ‘प्रेमापोटी’ हा शब्द हटकून असतो, अट नसते. लेकाशी काय अटी घालायच्या, असे आईवडिलांनाच वाटते, आणि दस्त लिहिणाऱ्यालाही घाई असते.

तथापि सगळा दोष मुलाच्या माथी मारून मोकळे होणे समाजवाद्याला शोभणारे नाही. लातूर जिल्हा परिषदेने २०२०-२१ मध्ये आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनातून तीस टक्के कापण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्याचे कौतुक झाले. पगारदाराच्या बाबतीत ते ठीकच आहे. पण दोन एकर कोरडवाहू कापसावर आणि मक्यावर जगणाऱ्या, सोसायटीचे कर्ज डोक्यावर असलेल्या मुलाकडून न्यायाधिकरण काय कापणार? कायद्याने निर्वाहाची कमाल रक्कम महिन्याला १०,००० रुपये ठेवली आहे. त्याच्या घरात तेवढे पीक विकूनही उरत नाही. वार्धक्याची जबाबदारी समाजाकडून कुटुंबाकडे ढकलायची आणि मग कुटुंबाला कोर्टात उभे करायचे, ही राज्यसंस्थेची सोय झाली.

यात लेकीची गोष्ट आणखी विचित्र आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. गावात मात्र भाऊ आईवडिलांना सांभाळणार म्हणून बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले जाते. निर्वाहाच्या कायद्यात ‘अपत्य’ म्हणजे मुलगा व मुलगी दोन्ही. हक्क सुटला, जबाबदारी राहिली. आणि प्रत्यक्षात आजारी आईला पुष्कळदा नेते कोण? तीच.

ज्या घरात मतिमंद किंवा बहुविकलांग अपत्य आहे, तेथे ‘आमच्यामागे याचे काय’ हा प्रश्न रोज उशाशी असतो. अशा अपत्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमता येतो. स्थानिक समितीत जिल्हाधिकारी असतात, म्हणून त्यासाठी साठेक किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. ही तरतूद माहीत असलेली घरे किती असतील? अपंगांचे मासिक साहाय्य राज्याने २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये केले, हे स्वागतार्ह आहे. परंतु तेथेही ५०,००० रुपयांची उत्पन्नमर्यादा आडवी येते. बापाने शहाणपणाने जमिनीचा तुकडा त्या मुलाच्या नावे ठेवावा, तर त्याचे साहाय्य धोक्यात. ठेवू नये, तर तो भावजयीच्या मर्जीवर. धनिकांच्या घरी या पेचातून वाट काढणारे सल्लागार असतात. कन्नडच्या बापाला असतो तो मुद्रांक विक्रेत्याच्या शेजारचा बाक.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. वृद्धाचे आणि अपंगाचे साहाय्य कुटुंबाच्या उत्पन्नाशी व सातबाऱ्याशी बांधलेले असू नये. ते ज्या त्या व्यक्तीचे असावे. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांनी २०१२ मध्ये पेन्शन परिषदेतून सर्व श्रमिक वृद्धांसाठी किमान वेतनाच्या निम्म्याइतके निवृत्तिवेतन मागितले होते. ती मागणी आजही पुरी झालेली नाही, आणि तीत एक अक्षरही बदलण्याचे कारण नाही.

मागणी मान्य होईपर्यंत मात्र कोणत्याही कार्यकर्त्याने पगारासाठी जमीन लिहून देण्याचा सल्ला देऊ नये. स्वतःच्या वाट्याचे मृत्युपत्र करता येते. त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात, हयातीत ते केव्हाही बदलता येते, आणि मरेपर्यंत सातबाऱ्यावरचे नाव कायम राहते. (मुस्लिम कुटुंबांत मृत्युपत्राला एक-तृतीयांशाची मर्यादा आहे, तेथे जाणत्याला विचारूनच सांगावे.) बक्षीसपत्र करावयाचेच असेल, तर सांभाळाची, औषधपाण्याची आणि राहत्या खोलीची अट दस्तातच घालावी. तालुक्यातील शाखांनी दस्त नोंदणीच्या दिवशी एक माणूस निबंधक कचेरीपाशी ठेवावा, आणि म्हाताऱ्याचा अंगठा उमटण्याआधी तो कागद त्याला अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचून दाखवावा.